घरगुती इलेक्ट्रॉनिक व्हॅक्यूम गेज: नळी कुठून काढू आणि आकडा दाखवू की पट्टी?

घाटमाथा (पुणे)
नमस्कार मंडळी. माझ्याकडे ९६ सालची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली, तीन सिलिंडरची ७९६ सीसी. रोजच्या वापरात नाही पण महिन्यातून एकदोनदा घाट चढतेच. तिला व्हॅक्यूम गेज बसवायचं बऱ्याच दिवसांपासून मनात आहे आणि ते विकतचं काट्याचं नको, स्वतः बनवलेलं हवं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पेट्रोल इंजिन हवा ओढतं आणि थ्रॉटलची झडप ती अडवते, त्यामुळे झडपेच्या पुढे इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळकांड्यात) दाब बाहेरच्यापेक्षा बराच कमी असतो. ॲक्सिलरेटर जितका दाबाल तितकी ही पोकळी कमी होते. म्हणजे पाय किती जड आहे ते दिसतं, आणि आयडलिंगला आकडा कसा येतो त्यावरून टायमिंग (ठिणगी पडायची वेळ), व्हॉल्व्ह, गळती सगळ्याचा अंदाज येतो. माझ्या मते जुन्या गाडीत टेंपरेचरच्या काट्यानंतर सगळ्यात उपयोगाचं मीटर हेच आहे.

ठरवलेलं असं: सेन्सर एमपीएक्स ४११५ए (१५ ते ११५ किलोपास्कल, ५ व्होल्टवर चालतो), आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), आणि ०.९६ इंचाची ओलेड स्क्रीन. सामान सगळं तपकीर गल्लीतून आणलंय. प्रश्न तीन:
नळी नेमकी कुठून काढावी?
सेन्सर बॉनेटखाली ठेवू की डॅशबोर्डमागे?
स्क्रीनवर आकडा दाखवू की पट्टी?

सोल्डरवाला
वा, झकास विषय. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: पट्टी. चालवताना आकडे वाचायला कुणाला वेळ असतो.

बोनेट_उघडा
घाटमाथा, पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा म्हणून तेवढंच सांगतो. कार्बोरेटरला बारीक नळ्या दोनतीन दिसतील. त्यातली डिस्ट्रिब्युटरच्या ॲडव्हान्सला जाणारी नळी बऱ्याच गाड्यांत थ्रॉटलच्या झडपेच्या वरून निघते. आयडलिंगला झडप बंद असते म्हणून तिथे पोकळी जवळपास शून्य मिळते, आणि लोकांना वाटतं सेन्सर खराब आहे. ओळखायची सोपी पद्धत म्हणजे इंजिन आयडलिंगला ठेवून नळी काढा आणि तोंडावर बोट ठेवा. बोट ओढलं गेलं तर ती थेट मॅनिफोल्डची, नाही ओढलं तर दुसरी शोधा.

आणि ब्रेक बूस्टरची जाड नळी असेल तर तिला हात लावू नका. तिच्यात टी (तीन तोंडांचा जोड) टाकून उद्या ती सुटली तर ब्रेक दगडासारखा लागेल. एका गेजसाठी असली जोखीम कशाला?

मडगावकर
इथे गोव्यात माझ्या जुन्या झेनला काट्याचं गेज आहे, आयडलिंगला १९-२० इंच पारा दाखवतं. तुमच्या पुण्यात तेवढं दिसणार नाही हां, उगाच घाबरून टायमिंग फिरवत बसू नका.

घाटमाथा
मडगावकर, का दिसणार नाही?

मडगावकर
उंची रे. समुद्रसपाटीला हवेचा दाब २९.९ इंच पारा. दर हजार फुटांना साधारण एक इंच उतरतो. पुणं जवळपास साडेपाचशे मीटरवर, म्हणजे पावणेदोन इंच तिथेच गेले. इंजिन तेच, तब्येत तीच, आकडा मात्र कमी.

नाशिकची_इन्स्ट्रुमेंटवाली
मडगावकर दादांचं अगदी बरोबर. आणि इथेच घाटमाथांच्या डिझाइनमध्ये एक खाच आहे, ती आत्ताच सांगते म्हणजे प्रोग्राम लिहिताना त्रास नको.

४११५ए हा ॲब्सोल्यूट सेन्सर आहे. तो बाहेरच्या हवेशी तुलना करत नाही, त्याच्या पोटात सीलबंद निर्वात कप्पा आहे त्याच्याशी करतो. म्हणजे तुम्हाला मिळणार मॅनिफोल्डमधला खरा दाब. गेजवर हवी ती पोकळी, म्हणजे बाहेरचा दाब वजा मॅनिफोल्डचा दाब. तेव्हा बाहेरचा दाब कुठूनतरी कळायला हवा. सोपा उपाय म्हणजे चावी ऑन केल्यावर, स्टार्टर मारायच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये बाहेरचाच दाब असतो, तो वाचून ठेवायचा. पुण्यात साधारण ९५ किलोपास्कल यायला हवा. सूत्र: व्होल्टेज = ५ × (०.००९ × दाब − ०.०९५). म्हणजे चावी ऑन केल्यावर ३.८ व्होल्टच्या आसपास, आणि आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये ३५ किलोपास्कल धरले तर १.१ व्होल्ट. ९५ वजा ३५ म्हणजे ६० किलोपास्कल, एक इंच पारा म्हणजे ३.३८६ किलोपास्कल, तेव्हा तो भागिले ३.३८६ केला की १७.७ इंच. तेच इंजिन मडगावला नेलं तर १०१ वजा ३५, म्हणजे साडेएकोणीस इंच. मडगावकरांचा काटा आणि तुमचा आकडा दोन्ही खरे.

पण घाटात हा उपाय फसतो. वाईला गाडी चालू केली आणि न थांबता महाबळेश्वरला पोचलात तर मधे सहाशे मीटरच्या वर चढाई आहे, साडेसहा किलोपास्कल उतरले, आणि प्रोग्राम मात्र वाईचाच दाब धरून बसलाय. गेज जवळजवळ दोन इंच जास्त दाखवणार. म्हणून बाहेरच्या हवेसाठी एक बीएमपी २८० (हवेच्या दाबाचा छोटा सेन्सर) वेगळा लावा, अगदी स्वस्त असतो आणि स्क्रीनच्याच दोन तारांवर चालतो.

घाटमाथा
ताई, हे लक्षातच आलं नव्हतं, खूप आभार. मग बीएमपी २८० दोन घेऊन एक मॅनिफोल्डलाच लावला तर? ४११५ महाग पडतो.

नाशिकची_इन्स्ट्रुमेंटवाली
नको. त्याची रेंज ३० किलोपास्कलला संपते. उतारावर गिअरमध्ये पाय काढलात की मॅनिफोल्ड त्याच्या खाली जाऊ शकतो, म्हणजे सगळ्यात बघण्यासारख्या जागी आकडा अडकणार. शिवाय त्याला नळी लावायला नोझल नाही आणि तो पेट्रोलच्या वाफेसाठी बनलेलाच नाही. ४११५ला आत सिलिकॉन जेलचा थर असतो, तोही मुळात कोरड्या हवेसाठीच आहे पण जपून बसवला तर टिकतो. सेन्सर नळी काढलेल्या जागेपेक्षा वर ठेवा आणि नळीला सतत उतार द्या, म्हणजे आत जमलेलं पेट्रोल परत मॅनिफोल्डकडे ओघळेल.

दुसरा रस्ता म्हणजे एमपीएक्स ५१००डीपी, दोन नोझलवाला. एक हवेला मोकळं, एक मॅनिफोल्डला, थेट फरकच मिळतो, उंचीची भानगडच नाही.

जुना_ट्रान्झिस्टर
एवढा पसारा कशाला? प्रोग्राम नको, स्क्रीन नको. सेन्सर आणि एक एलएम ३९१४, म्हणजे व्होल्टेजप्रमाणे दिवे लावणारी आयसी. दहा एलईडी, खालची मर्यादा ०.८ व्होल्ट आणि वरची ३.८, झालं काम. हिरवे, पिवळे, लाल. माझ्या गाडीत वर्षानुवर्षं चालू आहे. दिवे डॉट मोडमध्ये (एका वेळी एकच दिवा) चालवा, आणि बार मोडच हवा असेल तर एलईडीला १२ ऐवजी ५ व्होल्ट द्या, नाहीतर आयसी तापते.

सोल्डरवाला
काका, तुमचा सर्किट साधेपणासाठी पहिला नंबर. कोडमध्ये बग येण्याची शक्यताच नाही, कारण कोडच नाही 😀

रोजचा_प्रवासी
एक बाळबोध प्रश्न. ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं, ब्लूटूथ डबडं लावून मोबाईलवर हे सगळं दिसतं ना? मग घरी बनवायचं कशाला?

बोनेट_उघडा
९६ च्या कार्बोरेटरवाल्या ८०० ला ओबीडी पोर्ट कुठून आणणार? तिथे ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरच नाही. तुमची गाडी नवी पेट्रोलवाली असेल आणि तिला मॅप सेन्सर (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा) असेल तर जरूर बघा, इनटेक मॅनिफोल्ड प्रेशर म्हणून आकडा येतो, पण एकेक किलोपास्कलच्या पायरीने आणि सेकंदाला मोजकेच वेळा. पाय हलका ठेवायला पुरे, व्हॉल्व्ह तपासायला नाही.

सह्याद्रीभटक्या
माझी बोलेरो आहे. तिला लावता येईल का?

नाशिकची_इन्स्ट्रुमेंटवाली
डिझेलला हवा अडवणारी थ्रॉटलची झडप पेट्रोलसारखी काम करत नाही, म्हणून मॅनिफोल्डमध्ये वाचण्यासारखी पोकळी नसते. ब्रेक बूस्टरलासुद्धा वेगळा व्हॅक्यूम पंप द्यावा लागतो. तुमच्यासाठी टर्बोचं बूस्ट गेज. त्याला एमपीएक्स ४२५०ए घ्या, तो २५० किलोपास्कलपर्यंत जातो. बाकी सगळं सर्किट हेच.

सह्याद्रीभटक्या
आभार ताई. म्हणजे घाटमाथांचं झालं की मी त्यांच्या मागे लागणार. वरंध घाटात दोघं मिळून टेस्टिंग करू, भजी माझ्याकडून.

रोजचा_प्रवासी
पावसाळ्यात वरंधला आधी रस्ता चालू आहे का ते विचारा, मग भजी.

सह्याद्रीभटक्या
रस्ता बंद असेल तर ताम्हिणी. भजी रद्द होणार नाहीत.

गॅरेजवाला_आप्पा
इथे सगळे इलेक्ट्रॉनिक्सवाले दिसतात म्हणून थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. माझं आयुष्य गॅरेजमध्ये गेलं. व्हॅक्यूम गेज मी हातात धरून वापरतो, काट्याचं. त्यात आकड्याला दुय्यम महत्त्व आहे, काटा कसा हलतो ते खरं. काटा स्थिर पण खाली असेल तर टायमिंग मागे आहे किंवा कुठेतरी हवा ओढतंय. ठरावीक वेळाने एक झटका खाली देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह जळालाय किंवा नीट बसत नाही. रेस वाढवली की काटा जास्तच थरथरायला लागला तर व्हॉल्व्हच्या स्प्रिंग ढिल्या. रेस धरून ठेवली आणि काटा हळूहळू खाली येत राहिला तर सायलेन्सर तुंबलाय. आणि ॲक्सिलरेटर झटकन दाबून सोडला की काटा शून्याजवळ जाऊन मग नेहमीपेक्षा चारपाच इंच वर उडी मारायला हवा, उडी कमी असेल तर रिंगा बघा.

आता तुमचं यंत्र सरासरी काढून एक सुंदर स्थिर आकडा दाखवणार. हे सगळं त्यात पुसून जाणार. मग त्याचा उपयोग काय ते मला सांगा.

सोल्डरवाला
आप्पा, तुमच्या काट्यालासुद्धा वजन आहे, तोही सगळं जसंच्या तसं दाखवत नाही. सरासरी तोही काढतो, फक्त लोखंडाने.

गॅरेजवाला_आप्पा
काढत असेल. पण व्हॉल्व्हचा झटका मला दिसतो, तुमच्या स्क्रीनवर दिसणार नाही. दाखवून द्या, मी मानतो.

नाशिकची_इन्स्ट्रुमेंटवाली
आप्पांचा मुद्दा एकदम खरा आहे आणि सोडवण्यासारखा आहे. हिशेब करू. ८०० चं आयडलिंग ९०० आरपीएम धरलं, तीन सिलिंडर, दोन फेऱ्यांत तीन वेळा हवा ओढणार, म्हणजे सेकंदाला साडेबावीस ठोके. एकाच सिलिंडरमध्ये दोष असेल तर तो सेकंदाला साडेसात वेळा दिसणार. सेन्सरचा प्रतिसाद एक मिलिसेकंदाचा आहे आणि नॅनो दर दोन मिलिसेकंदांनी आरामात वाचू शकतो. म्हणजे माहिती सगळी येतेय, आपणच ती सरासरीत घालवतो.

म्हणून दोन गोष्टी दाखवा. पाव सेकंदाची सरासरी हा मुख्य आकडा, आणि मागच्या एका सेकंदातला सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त दाब यांच्यामधला पट्टा. इंजिन निरोगी असेल तर पट्टा अरुंद राहील, व्हॉल्व्ह गेला तर रुंद होईल. तपासणीसाठी एक बटण ठेवा, दाबलं की कच्चा आलेख स्क्रीनवर. आप्पांचा काटा थरथरतो तिथे आपली रेघ खालीवर होईल, आणि ती थांबवून शांतपणे बघताही येईल.

फक्त एक पथ्य: नळीत बारीक भोकाची चकती घालून दाबाचे ठोके दाबून टाकू नका आणि नळी फार लांब ठेवू नका. लांब नळीसुद्धा ठोके गिळते.

गॅरेजवाला_आप्पा
असं असेल तर मला बघायला आवडेल. माझ्याकडे व्हॉल्व्हच्या कामाला एखादी गाडी आली की बोलवतो, तुमचं यंत्र घेऊन या.

घाटमाथा
आप्पा, नक्की येणार. ताई, मग नळी आखूड ठेवायची म्हणजे सेन्सर बॉनेटखालीच?

नाशिकची_इन्स्ट्रुमेंटवाली
हो, आणि त्याचं आणखी एक कारण आहे. नळी केबिनमध्ये नेली तर पेट्रोलची वाफ असलेली नळी तुमच्या गुडघ्याशी येते, निसटली तर वास आणि धोका दोन्ही आत. सेन्सर फायरवॉलवर बाहेरच्या बाजूला, एक्झॉस्टपासून लांब. त्याला १२५ अंशांपर्यंत चालतं, अचूकता मात्र ८५ पर्यंतची धरा. आत फक्त तीन तारा, रबरी ग्रोमेटमधून. सेन्सरच्या पायाशीच १ मायक्रोफॅरड आणि ०.०१ मायक्रोफॅरड कपॅसिटर. सेन्सरला आणि नॅनोला एकच ५ व्होल्ट द्या, कारण सेन्सरचं आउटपुट सप्लायच्या प्रमाणात बदलतं आणि नॅनोही त्याच ५ व्होल्टशी तुलना करतो, त्यामुळे सप्लाय थोडा हलला तरी उत्तर बदलत नाही.

जुना_ट्रान्झिस्टर
सप्लायचं मी सांगतो. गाडीचे १२ व्होल्ट हे कागदावर. इंजिन चालू असताना १४ च्या वर असतात, आणि मधूनच मोठे झटके येतात. चावीनंतरच्या लाईनवरून एक अँपिअरचा फ्यूज, मग झटके शोषणारा टीव्हीएस डायोड, मग ५ व्होल्ट करून देणारं बक मॉड्यूल. ७८०५ पण चालेल पण हीटसिंक लावा. प्लगच्या हाय टेन्शन वायरींपासून सिग्नलची तार लांब ठेवा, पॉइंटवाल्या इग्निशनचा गोंगाट फार असतो.

रोजचा_प्रवासी
नळी म्हणून माशांच्या टाकीची पारदर्शक नळी चालेल का? घरी पडून आहे.

बोनेट_उघडा
अजिबात नको. बॉनेटखालच्या उष्णतेत ती आधी मऊ होऊन आतल्या पोकळीने चपटी होते, मग कडक होऊन तडकते. ऑटो स्पेअर्सच्या दुकानातून व्हॅक्यूमची रबरी नळी, पितळी टी आणि तिन्ही बाजूंना क्लिपा. तडकलेल्या नळीतून जास्तीची हवा गेली तर मिक्श्चर पातळ होऊन आयडलिंग वरखाली होतं, आणि माणूस कार्बोरेटर उघडून बसतो.

गळती तपासायला साबणाचं पाणी इथे कामाचं नाही, हवा बाहेर येत नाही, आत जाते. इंजिन बंद ठेवून मॅनिफोल्डकडचं टोक काढा, तिथे सिरिंज लावून ओढून धरा, आकडा मिनिटभर जागचा हलायला नको.

मडगावकर
आणि आकडा बरोबर आहे हे कसं ठरवणार? हवामानाच्या ॲपवरून?

नाशिकची_इन्स्ट्रुमेंटवाली
ॲपवरून नको! ॲपमधला दाब बहुतेक वेळा समुद्रसपाटीला आणलेला असतो. पुण्यात बसून तो १०१ च्या आसपास दिसेल आणि सेन्सर ९५ दाखवेल, आणि सेन्सर बरोबर असेल. शिमला ऑफिसच्या, म्हणजे पुण्यातल्या हवामान खात्याच्या, नोंदींमध्ये स्टेशनचा दाब आणि समुद्रसपाटीचा दाब असे दोन वेगळे आकडे असतात, त्यातला स्टेशनचा बघायचा.

पोकळीसाठी सगळ्यात खात्रीचं माप पाण्याचं. गवंडी लेव्हलला वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, खाली बादलीत रंगीत पाणी, वरचं टोक दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, तिथे टी लावून सेन्सर आणि सिरिंज. पाणी बादलीतल्या पातळीपासून बरोबर ३ मीटर वर ओढून धरलं की पोकळी २९.४ किलोपास्कल, म्हणजे ८.७ इंच. यात कुणाच्या मीटरवर विश्वास ठेवायची गरज नाही, फक्त टेप हवी. दीड मीटरलाही एकदा बघा, म्हणजे रेष सरळ आहे का ते कळेल.

सोल्डरवाला
सोसायटीतली मुलं गोळा होणार आणि सेक्रेटरी नोटीस काढणार, पण करण्यासारखा प्रयोग आहे. मी आलो मदतीला, टेप धरतो.

घाटमाथा
मंडळी, बसवलं. सविस्तर लिहितो.

नळी थेट मॅनिफोल्डच्या नोझलवरून, बोट ठेवून खात्री करून. सेन्सर फायरवॉलवर, बीएमपी २८० डॅशबोर्डमागे. पाण्याचा प्रयोग सोल्डरवाला आणि मी मिळून केला, ३ मीटरला ८.६ इंच आले, सेन्सरच्या दीड टक्का मर्यादेत छान बसतंय म्हणून कोडमध्ये काहीच बदललं नाही.

पहिल्यांदा गाडी चालू केली तेव्हा आयडलिंगला १४ इंच, स्थिर. पट्टा अरुंद. आप्पांनी लिहिलेलं आठवलं: स्थिर पण खाली, म्हणजे टायमिंग किंवा गळती. नळीचं टोक बंद करूनही आयडलिंगमध्ये फरक नाही, म्हणजे निदान आपली टी तरी गळत नव्हती. मेकॅनिककडे टायमिंग लाईटने बघितलं तर टायमिंग मागेच होतं. पॉइंटचा गॅप आणि टायमिंग लावल्यावर १७ च्या थोडं वर. पिकअपमधला फरक पहिल्याच चौकात कळला. हे दुखणं किती काळ होतं कोण जाणे, गाडी चालत होती म्हणून कुणी बघत नव्हतं.

घाटातही नेली. तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला की २ इंच राहतात आणि वेग मात्र वाढत नाही. पाय थोडा मागे घेऊन ५ वर ठेवलं तरी चढण्याचा वेग तोच. म्हणजे तो शेवटचा दाब नुसता पेट्रोल ओतत होता, कार्बोरेटरचा पॉवर सर्किट उघडून. हे कानाला कधीच कळलं नसतं.

गॅरेजवाला_आप्पा
१४ चे १७ झाले हे वाचून समाधान वाटलं. आता ॲक्सिलरेटर झटकून बघा आणि उडी किती ते लिहा.

घाटमाथा
केलं आप्पा. शून्याजवळ जाऊन २२ पर्यंत उडी, मग परत १७. आलेख बटणावर ठेवलाय, तो तुम्हाला समोर दाखवतो.

गॅरेजवाला_आप्पा
रिंगा चांगल्या आहेत. इंजिन उघडू नका, कुणी सांगितलं तरी.

मडगावकर
घरच्यांची प्रतिक्रिया काय?

घाटमाथा
आईने विचारलं, गाडीला बीपीचं मशीन लावलंस का. मी हो म्हटलं, यापेक्षा चांगलं मला समजावता आलं नसतं.

रोजचा_प्रवासी
तिसरा प्रश्न राहिलाच की. आकडा का पट्टी?

घाटमाथा
दोन्ही. चालवताना आडवी पट्टी, पूर्ण रुंदीची, आणि कोपऱ्यात लहान आकडा अर्ध्या इंचाच्या पायरीने. दशांश दाखवला तर तो सतत बदलतो आणि डोळा तिकडेच जातो, घाटात ते नकोच. गाडी उभी असताना बटण दाबलं की मोठा आकडा, किमान-कमाल पट्टा आणि आलेख. रात्री ओलेड फार चमकते म्हणून पार्किंग लाईटची तार नॅनोला दिलीय, दिवे लागले की स्क्रीन मंद. ती तार १२ व्होल्टची आहे, थेट देऊ नका, मधे दोन रेझिस्टरचा डिव्हायडर हवाच.

जुना_ट्रान्झिस्टर
डिव्हायडर १४ नाही, १६ व्होल्ट धरून काढा. आणि त्या पायाला एक ५.१ व्होल्टचा झेनर.

सह्याद्रीभटक्या
मी ४२५०ए मागवला. सर्किटचा फोटो टाका, मग ताम्हिणी ठरवू.

घाटमाथा
फोटो आणि कोड शनिवारी टाकतो. बोलेरोसाठी सूत्रातले दोन आकडे बदलायचे: ०.००९ ऐवजी ०.००४ आणि ०.०९५ ऐवजी ०.०४.

बोनेट_उघडा
महिन्याभराने टीच्या तिन्ही क्लिपा एकदा परत आवळून घ्या. नवं रबर उष्णतेत बसतं आणि क्लिप ढिली पडते.